पत्रास कारण की: ग्रहण, मण्यार, मंगळ आणि मिरच्या

यंदाच्या टपालातली बरीचशी पत्रं ‘अमुक केलं म्हणून तमुक झालं’ या एकाच वाक्याभोवती फिरतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. शिराळा तालुक्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकवायची, तेव्हा असं वाक्य कुणी बोललं की फळ्यावर चार खाने काढायची. केलं आणि झालं. केलं पण झालं नाही. केलं नाही तरी झालं. केलं नाही आणि झालंही नाही. पहिला खाना भरायला मुलांना कधी अडचण यायची नाही. उरलेले तीन भरायला घरी जाऊन विचारावं लागे, आणि अभ्यास खरा तिथे सुरू होई. खालची उत्तरं वाचताना ते चार खाने डोळ्यांसमोर ठेवा.

प्रश्न: बाई, ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाला माझी थोरली सून गरोदर होती. आम्ही दुपारपासून तिला काही खाऊ-पिऊ दिलं नाही, विळीला हात लावू दिला नाही, मध्यरात्री ग्रहण सुटेपर्यंत एका जागी बसवलं. बाळ सुरेख झालं. शेजारच्या गावात एकीने ग्रहणात भाजी चिरली, तर तिच्या बाळाचा ओठ फाटलेला निघाला. आता धाकटीला दिवस गेलेत. ती शिकलेली आहे, म्हणते, मी काही पाळणार नाही. पुढचं ग्रहण येईल तेव्हा तिला सातवा-आठवा लागलेला असेल. मी गप्प बसू का? (एक सासू, कराड तालुका)

ताई, तुमच्या पत्रात काळजी आहे, धाक नाही, हे मला पहिल्या ओळीत कळलं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ओठाचं सांगते. पोटातल्या बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येतो आणि मध्ये जुळतो. वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून होतो, आणि टाळू त्यानंतर, नवव्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे पुष्कळ बायकांना पाळी चुकल्याची नीट खात्री पटायच्या सुमारास ओठाचं काम उरकत आलेलं असतं. सातव्या महिन्यात जुळलेला ओठ विळीने, सुरीने किंवा चंद्रावर पडलेल्या सावलीने पुन्हा उसवत नाही. शेजारच्या गावातल्या त्या बाईने भाजी चिरली तेव्हा तिला कितवा महिना होता, एवढं विचारून बघा. पाचवा-सहावा असेल, तर ओठ त्याआधीच तसा होता. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत तो बऱ्याचदा दिसतोही.

आता खाने भरू. जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. ग्रहण न मानणाऱ्या देशांतही असते, आणि पोटात असताना एकही ग्रहण न झालेल्या बाळांतही असते. तुमच्या पंचक्रोशीत त्या रात्री गरोदर असलेल्या किती जणींनी भाजी चिरली असेल, कपडे शिवले असतील, रात्रपाळीला कामावर गेल्या असतील! त्यांची बाळं धडधाकट जन्मली, म्हणून त्यांची गोष्ट कुणी सांगितली नाही. गावभर झाली ती एकीचीच. आणि त्या एकीवर काय गुदरलं असेल? बाळाचं दुखणं, वर ‘तूच केलंस’ हा डाग. ताई, ती भेटली तर तिला सांगा की तिचा काही दोष नव्हता. ओठ-टाळू दुभंगण्यामागे आनुवंशिकता असते, आईचा मधुमेह असतो, तंबाखू-धूम्रपान असतं, फिटसाठीची काही औषधं असतात, आणि पुष्कळदा नेमकं एक कारण सापडतच नाही. शस्त्रक्रियेने ओठ पहिल्या काही महिन्यांत आणि टाळू वर्ष-दीड वर्षाच्या आत दुरुस्त होते. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा जन्मदोष येतो. अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करायला सांगा.

थोरलीचं बाळ सुरेख झालं याचा मला आनंद आहे, पण ते उपाशी बसवल्यामुळे झालं नाही. गरोदर बाईला दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत पाणीसुद्धा न देणं हाच त्या दिवसातला खरा धोका होता. चक्कर येते, साखर उतरते, लघवीचा त्रास होतो. पंचांगातही बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी वेध सवलतीने सांगितलेले असतात. म्हणजे जुन्या माणसांनाही गरोदर बाईची भूक कळत होती.

चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी काही होत नाही. सूर्यग्रहण मात्र कुणीच, गरोदर असो वा नसो, ग्रहणाच्या खास चष्म्याशिवाय बघू नये. त्या वेळी सूर्यातून वेगळे किरण निघत नाहीत. उजेड कमी झाल्यामुळे डोळे मिटत नाहीत आणि माणूस टक लावून बघत राहतो, म्हणून दृष्टिपटल भाजतं.

तेव्हा गप्प बसू नका. धाकटीला विचारा, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या वेळेवर सुरू केल्यास का, साखर तपासलीस का, रक्त किती आहे. तुम्हाला जी राखण करायची आहे ना, ती या प्रश्नांत आहे. ग्रहणाच्या दिवशी तिला वेळेवर गरम जेवण वाढा.

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात माझ्या मामाला रात्री अकराच्या सुमारास साप चावला. मण्यार होती. मांत्रिकाकडे नेलं. त्याने कडुलिंबाचा पाला खायला दिला, कडू लागला, म्हणाला, विष चढलेलं नाही, आणि मंत्र टाकला. पहाटे मामाची बोबडी वळली, तेव्हा पाच वाजता तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं दिली, पण मामा गेला. मांत्रिक म्हणतो, सुई टोचली म्हणून मंत्र उतरला. तो शंभरातली नव्वद माणसं बरी करतो हे खरं आहे, आमच्या डोळ्यांदेखत केली आहेत. मग काय मानायचं? (एक तरुण शेतकरी, शाहूवाडी तालुका)

बाळ, मामा गेल्याचं वाचून वाईट वाटलं. तुझ्या पत्रातल्या दोन वेळा मी पुन्हा लिहिते: रात्री अकरा आणि पहाटे पाच. मामाचा जीव त्या सहा तासांत गेला, सुईने गेला नाही.

मण्यार कशी चावते ते आधी समजून घे. ती रात्री फिरते, उंदरामागे घरात येते, आणि जमिनीवर अंथरूण टाकलेल्या माणसाला चावते. सूज नाही, आग नाही, दातांच्या खुणा दिसतील-न दिसतील. म्हणूनच घरच्यांना वाटतं, काही झालं नाही. तिचं विष मज्जातंतूंची टोकं बंद पाडतं. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या वर उचलत नाहीत, जीभ जड होते, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, लवकर दिलं तर रक्तातलं मोकळं विष निकामी होतं. पण जे विष तंतूंच्या टोकांशी जाऊन भिडलंय, ते सुटायला वेळ लागतो, तोवर माणसाला यंत्रावर श्वास द्यावा लागतो. यंत्रावर ठेवलेली माणसं काही दिवसांनी उठून घरी जातात. त्यासाठी श्वास चालू असताना तिथे पोचावं लागतं. कडुलिंबाचा पाला कडू लागला, कारण मामाची जीभ तेव्हा शाबूत होती. त्यावरून पुढच्या सहा तासांचं काहीच कळत नाही.

आता शंभरातल्या नव्वदांचं बघू. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, आणि मी ते खोटं म्हणत नाही. आपल्याकडे सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत. माणसं दगावतात ती मुख्यतः चौघांमुळे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. शेतात, गोठ्यात चावणारे पुष्कळ साप धामण, दिवड, तस्कर, कवड्या असे बिनविषारी असतात. त्यातून विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असं नाही, कोरडा दंशही होतो. म्हणजे अंधारात चावलेल्या शंभर माणसांना नुसतं ओट्यावर बसवून ठेवलं असतं, तरी त्यांतली बहुतेक सकाळी चहा पिऊन घरी गेली असती. मंत्राची परीक्षा त्या नव्वदांवर होत नाही. ती उरलेल्या दहांवर होते, आणि ते दहा जण शेवटच्या तासाला दवाखान्यात पोचतात, तिथे दगावतात. त्यामुळे वाचलेले सगळे मांत्रिकाच्या नावावर जमा होतात आणि गेलेले सगळे डॉक्टरच्या नावावर. तुमच्या गावात हीच नोंद वर्षानुवर्षं अशी चुकीची होत आली आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यातली, शेतावरची, घरातच गेलेली.

नोंद नीट ठेवली की काय होतं याचं उदाहरण आपल्याच कोकणातलं आहे. लाल विंचू चावून माणसं, विशेषतः पोरं, पटापट दगावायची, आणि गावोगाव विंचू उतरवणारे होते. महाड भागात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी एकेका रुग्णाची नाडी, रक्तदाब, घाम, छातीतली घरघर लिहून काढली. त्यातून दिसलं की रक्तदाब भडकून हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसीन नावाचं औषध वापरून पाहिलं, आणि मृत्यूंचं प्रमाण अगदी खाली आलं. त्यांनी ते जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांतून छापलं, म्हणजे चुकलं असेल तर कुणीही दाखवून द्यावं. मंत्र गुप्त ठेवावा लागतो. ही नोंद सगळ्यांपुढे उघडी होती, म्हणून विंचवाचा त्रास असलेल्या दुसऱ्या देशांतल्या डॉक्टरांनाही ती उपयोगी पडली.

पुढच्या वेळी काय करायचं ते गावात तोंडपाठ करून टाका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून बांधू नका. हात-पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा, नाही तर मिळेल त्या गाडीने निघा. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिसर्पविष चारही सापांवर चालतं, आणि घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबलंय का, हे डॉक्टर काचेच्या नळीत थोडं रक्त २० मिनिटं ठेवून बघतात. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. खाट आणि कडेने नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीला पुष्कळ अडवते.

मांत्रिकाचं काय? २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ ते ५० हजार रुपये. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एवढी किंमत मोजून आलेला कायदा गावाला माहीत असलाच पाहिजे. पण आधी त्या माणसाच्या घरी जा. माझ्या ओळखीचे असे काहीजण मनाने वाईट नव्हते, लोक मध्यरात्री दार ठोठावतात म्हणून उठायचे. त्याला सांग, मंत्र म्हणायचाच असेल तर गाडीत बसून म्हण, पण गाडी आधी सुटू दे. ऐकलं नाही तर पोलीस ठाण्यात जा. या कायद्याखाली दक्षता अधिकारी नेमलेला असतो.

प्रश्न: मुलगी २९ वर्षांची, नोकरी उत्तम. तीन स्थळं पत्रिकेवरून परत गेली, कडक मंगळ आहे म्हणून. पती दगावतो म्हणे. आता तीच म्हणते, आई, माझ्यात काही तरी वाईट आहे का? काय सांगू तिला? (एक आई, इचलकरंजी)

तिला आज रात्रीच सांगा, वाईट काही नाही. आणि मग कागद घेऊन बसा. पत्रिकेत घरं १२. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की मंगळदोष. म्हणजे १२ पैकी ५ घरं दोषाची. अपवाद सोडले तर साधारण दर १२ माणसांत ५ जणांना मंगळ निघणार. तुमच्या गल्लीत, ऑफिसात, वऱ्हाडात, दहातल्या चौघांना! एवढ्या लोकांचे जोडीदार लवकर दगावत असते, तर ते विमा कंपन्यांच्या लक्षात कधीच आलं असतं. इतक्या लोकांची लग्नं अडायला लागली म्हणूनच ‘मंगळाला मंगळ चालतो’, ‘निर्दोष मंगळ’, ‘अमुक राशीत असला तर दोष नाही’ अशा पळवाटा निघाल्या असाव्यात. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, म्हणजे मुलगी थोडी अलीकडे-पलीकडे जन्मली असती तर हाच मंगळ निरुपद्रवी ठरला असता.

पत्रिकेची पुण्यात रीतसर परीक्षा झाली आहे, ती प्रत्येक आईवडिलांना माहीत असावी असं मला वाटतं. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यातल्या ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला द्यायच्या आणि त्याने फक्त एवढंच सांगायचं, यातलं मूल हुशार की मतिमंद. कोणती पत्रिका कुणाची हे ज्योतिषांना कळणार नाही अशी व्यवस्था होती. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. बुद्धीसारखी ढळढळीत गोष्ट जी पत्रिका दाखवू शकली नाही, ती होणाऱ्या नवऱ्याचं आयुष्य दाखवेल?

काही जुळवायचंच असेल तर रक्त तपासा. मुलगा आणि मुलगी दोघेही थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल गंभीर आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. विदर्भ, नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणीही तितकीच गरजेची. ही तपासणी साधी आहे. आणि पत्रिकेवरून परत गेलेल्या त्या तीन स्थळांचं वाईट वाटून घेऊ नका, जिथे संसारातल्या प्रत्येक आजारपणाचा दोष सुनेच्या मंगळावर गेला असता, अशा घरात तिला द्यायची होती का?

प्रश्न: इस्रोचे शास्त्रज्ञ रॉकेट सोडण्याआधी तिरुपतीला जातात. त्यांना विज्ञान कळत नाही, असं तुम्ही म्हणणार का? (एक निवृत्त लिपिक, मिरज)

मुळीच नाही. मनाच्या आधाराला कुणी हात जोडत असेल तर माझं काही म्हणणं नाही, मीही जोडते. पण १० ऑगस्ट १९७९ ला आपलं पहिलं एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात पडलं, तेव्हा काय झालं ते बघा. मुहूर्त चुकला का, असं कुणी विचारलं नाही. एकेक नोंद तपासली, तेव्हा दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली झडप अडकून नायट्रिक आम्ल गळून गेल्याचं सापडलं. त्यात सुधारणा झाली, आणि १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. तुम्ही हात जोडाच, पण घरात काही बिघडलं की झडप शोधायला बसा, एवढीच माझी विनंती आहे.

प्रश्न: बाई, मी सातवीत आहे. माझी आजी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या माझ्यावरून ओवाळून चुलीत टाकते. म्हणते, ठसका आला नाही तर दृष्ट लागली होती. परवा खरंच ठसका आला नाही! हे कसं? (एक विद्यार्थी, इस्लामपूर)

शाब्बास, तू नुसतं ‘खरं का खोटं’ विचारलं नाहीस, ‘कसं’ विचारलंस.

तडतड सोपी आहे. मोहरीच्या दाण्यात आणि मिठाच्या खड्यात थोडं पाणी अडकलेलं असतं, त्याची वाफ होते आणि दाणा फुटतो. दृष्ट लागलेली असो वा नसो, मोहरी तडतडणारच, फोडणीत रोज तडतडते. मिरचीचं जरा गुंतागुंतीचं आहे. तिचा तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या पदार्थात असतो. मिरची निखाऱ्यावर धुमसली तर तो धुराबरोबर उडून नाका-घशात जातो. भडकलेल्या जाळात पडली तर बराचसा जळून जाऊ शकतो. मिरची ब्याडगी की लवंगी, धूर कुणीकडे गेला, तू कुठे उभा होतास, या सगळ्याने फरक पडतो. परवा यातलं नेमकं काय झालं हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तुला शोधता येईल.

घरातलं एक मोठं माणूस बरोबर घे आणि अंगणात, उघड्यावर कर. घरात कुणाला दमा असेल तर मात्र हा प्रयोग करायचा नाही. एकाच बरणीतल्या सारख्या आकाराच्या सहा मिरच्या घे. आजीला सांग, यातल्या तीन माझ्यावरून ओवाळ, तीन नको. प्रत्येक मिरची वेगळ्या पुडीत बांधायची आणि कोणत्या पुडीत कोणती, हे एकट्या आजीने कागदावर लिहून ठेवायचं, तुलाही सांगायचं नाही. पुड्या उघडून एकेक मिरची निखाऱ्यावर टाकायची, जाळावर नाही. दर वेळी निखारे सारखे, उभं राहायची जागा तीच, दोन मिरच्यांमध्ये धूर पूर्ण निवळू द्यायचा. ठसका आला की नाही, ते तू दुसऱ्या कागदावर लिही. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. सहा थोड्या आहेत, म्हणून आठवड्याने पुन्हा कर आणि दोन्ही वेळचे आकडे एकत्र मांड.

आजीला हसायचं नाही, ती या प्रयोगात तुझी जोडीदार आहे. ओवाळताना ती जे पुटपुटते ना, ‘आल्या-गेल्याची, पाप्या-चांडाळाची’, तेही लिहून घे, मला ते ऐकायला फार आवडतं. दोन्ही कागदांची नक्कल या पत्त्यावर पाठव. पुढच्या अंकात तुझे चार खाने आपण जसेच्या तसे छापू.